खुर्चीतली धाव

रोज दिवेलागणीला प्रतापराव जगदाळे खुर्चीत बसल्या बसल्या धावायला जात.

त्याचा थाट काही कमी नसे. सुरेखाबाई देवापाशी दिवा लावून येत, नवऱ्याच्या मांड्यांना आणि पोटऱ्यांना काळे रबरी पट्टे गुंडाळत, दंडावर सुईची चकती चिकटवत आणि थंड पेटीतली करंगळीएवढी कुपी काढून त्या चकतीत बसवत. "घ्या तुमचा काढा," असं म्हणून त्या स्वयंपाकघराकडे वळल्या की ज्या माणसाला धरल्याशिवाय उभंही राहता येत नव्हतं त्याचे पाय पळू लागत. म्हणजे पाय जागचे हलत नसत. पण कातडीखाली स्नायू ताठत, सैल पडत. उजवा, डावा, उजवा, डावा. प्रतापराव डोळे मिटून ऐकल्यासारखं करत.

"निघाली," ते मोठ्याने सांगत. "आली गल्लीच्या तोंडाशी. थांबली. वाकली. झालं, पुन्हा लेस सुटली हिची! हं, उठली. आता सुटली."

ही म्हणजे त्यांची सून केतकी. सकाळी ती जे धावून आली होती, तेच धावणं संध्याकाळी सासऱ्याच्या पायांतून खाचखळग्यांसकट पुन्हा एकदा होत असे. आणि सासरे ते नुसतं भोगून गप्प बसणारे नव्हते. उभी हयात त्यांनी कराडच्या एका शाळेत पीटी शिकवण्यात घालवली होती.

सगळा गाव त्यांना जगदाळे सर म्हणे. त्यांच्या हाताखालची मुलं राज्याच्या स्पर्धांत पळाली, एकदोघं देशासाठी पळाली. सरांची शिस्त कडक. शिट्टी झाल्यावर बोलायचं नाही, मैदानात पाय टाकण्याआधी वाकून मातीला हात लावायचा, शर्यत संपली तरी लगेच बसायचं नाही, आणि हरलं तर रडायचं ते घरी जाऊन. यातलं काहीही चुकलं की गेटपर्यंत परत. मैदान सोडवेना म्हणून त्यांनी घरही शाळेच्याच गल्लीत घेतलं. आणि अशा माणसाचे पाय निवृत्तीनंतर वर्षभरातच दगा देऊ लागले. आधी जिना जड झाला, मग चप्पल पायात राहीना, मग एक दिवस ते न्हाणीत पडले. स्नायू झिजण्याचा विकार होता. औषध नव्हतं. पाय गेल्यावर हात जाणार आणि हातांनंतर श्वासाची पाळी येणार, हे त्यांना स्वच्छ सांगण्यात आलं होतं.

सांगणारी डॉक्टर नसरीन मुल्ला त्यांचीच विद्यार्थिनी. पीटीच्या तासाला हिच्या पोटात हमखास दुखायचं आणि ती सावलीत बसून गोष्टीची पुस्तकं वाचायची. तीच आता शहरातल्या मोठ्या इस्पितळात स्नायूंची तज्ज्ञ होती.

"सर, एक नवीन उपचार निघालाय," एके दिवशी ती म्हणाली. "पण त्यासाठी कुणीतरी रोज पळायला पाहिजे."

"तू पळणार?" सरांनी विचारलं.

"तेवढी वेळ माझ्यावर आणू नका," असं म्हणून तिने समजावून सांगितलं. स्नायू दमतो तेव्हा तो रक्तात एक निरोप सोडतो. अगदी सूक्ष्म थेंब असतात ते, तेलाच्या थेंबासारखे, आणि त्यांच्या पोटात शरीराला दिलेल्या सूचना असतात: इथे डागडुजी करा, तिथे नवीन तंतू विणा. व्यायामाने माणूस तगडा होतो तो या निरोपांमुळे. झिजलेला स्नायू स्वतः दमू शकत नाही, म्हणून त्याला निरोपच मिळत नाही. मग दुसऱ्याचा द्यायचा. पळून आलेल्या माणसाचं थोडं रक्त यंत्रातून फिरवायचं, ते थेंब गाळून घ्यायचे, बाकीचं रक्त त्याचं त्याला परत. चहा पिऊन होईतो काम आटोपतं. या गाळलेल्या अर्काला त्यांनी श्रमरस असं नाव दिलं होतं.

"मग हे पट्टे कशाला?"

"बसलेल्या स्नायूत रस मुरत नाही, सर. तो हलता पाहिजे. आणि ज्या ठेक्यात देणारा पळाला त्याच ठेक्यात हलला तर सगळ्यात छान मुरतो. म्हणून देणाऱ्याच्या बुटात आणि गुडघ्यावर चिपा असतात. त्यांनी टिपलेला ठेका हे पट्टे तुमच्या पायात विजेने वाजवतात."

अटी दोन होत्या. रस त्याच दिवशी वापरायचा, दुसऱ्या दिवशी त्याचं पाणी होतं. आणि खंड पडू द्यायचा नाही. सलग तीन दिवस रस मिळाला नाही, तर घेणारा स्नायू दार लावून घेतो आणि मग ते पुन्हा उघडेलच असं नाही.

देणारा मात्र कुणीही चालत नव्हता, रक्तातल्या खुणा जुळाव्या लागत. सरांच्या विद्यार्थ्यांनी रांग लावली. पदकं मिळवलेले, पोलिसात गेलेले, फौजेतले. एकाचंही जुळलं नाही. रत्नागिरीच्या बंदरात नोकरीला असलेला मुलगा तेजस सुट्टी टाकून आला, त्याचंही नाही. केतकी त्या दिवशी नुसती गाडी घेऊन आली होती. वाट बघून कंटाळली, तेव्हा नसरीनने तिला म्हटलं, "ये गं, तूही देऊन टाक थेंबभर." आणि तिचं जुळलं.

सरांचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता. लग्न ठरताना त्यांनी या मुलीला कौतुकाने विचारलं होतं, कोणता खेळ खेळतेस, आणि ती बिनधास्त म्हणाली होती, "कॅरम." कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची तरी ही स्कूटर काढणार. त्यात वीज कंपनीत उपअभियंता. डोंगरमाथ्याच्या सड्यावरच्या पवनचक्क्यांची वीज जिथे साठवतात त्या तालुक्याच्या बॅटरी केंद्राची सगळी जबाबदारी तिच्यावर. फोन कधीही वाजे. चार वर्षांची ईरा, पाळणाघर, नवरा घाटाखाली. हिला पळायला वेळ कुठून मिळणार आणि दम तरी कुठून येणार?

"राहू दे गं," सर म्हणाले. "तुला नाही जमायचं."

"बघू की," केतकी म्हणाली.

पहिल्या दिवशी ती कृष्णा-कोयनेच्या संगमापर्यंत कशीबशी पोचली आणि घाटाच्या पायरीवर बसून ओकली. संध्याकाळी सरांच्या पायांना ते सगळं कळलं. अडखळणं, फरफटणं, आणि बराच वेळ नुसतं थरथरत उभं राहणं. त्यांना वाटलं, उद्या काही ही जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी ती गेली. तिसऱ्या दिवशीही.

पुढे पुढे तर तिने वेळ अशी काही काढली की सरांनी कपाळाला हात लावला. पहाटे पोळ्या लाटून झाल्या की ती निघायची. ईराला ताप असला की पहाट जायची; मग दुपारी केंद्रावरून गावाबाहेर बिघाड बघायला जाताना ती अलीकडेच उतरायची, बिनचालकाच्या गाडीला पुढे पाठवायची आणि उरलेला रस्ता पळत गाठायची. खांबावर चढलेली माणसं वरूनच हाका मारत, "आल्या बघा मॅडम, गाडी कवाच आलीया!" बैठकीला साताऱ्याला जावं लागलं, तर जेवणाच्या सुट्टीत तिथल्या टेकडीला एक वळसा. कसलेल्या शरीराला पळणं अंगवळणी पडतं आणि ते निरोप कमी सोडतं, असं नसरीनने सांगितल्यावर तिने चढ वाढवला. सपाट रस्ता सोडून ती आगाशिवच्या डोंगराला भिडली. आणि कधीही पळाली तरी पळून झाल्यावर इस्पितळात जाऊन कुपी भरायची, डब्याच्या पिशवीत टाकायची आणि घरी धाडायची.

सरांच्या बोटांत हळूहळू धग आली. मग घोट्यात. एक दिवस अंगठा आपला आपण हलला आणि सुरेखाबाईंनी गुळाचा खडा वाटला.

पण अंगात बळ आलं तसं सरांच्या तोंडालाही आलं. रोज रात्रीच्या जेवणाला केतकीच्या धावण्याचं परीक्षण ठरलेलं. "चढाला पावलं लांब टाकतेस, आखूड टाक. उतारावर टाच आधी टेकतेय. पुलावर का थबकलीस?" आणि रोजच्या रोज, न चुकता, "ती लेस नीट बांधत जा. रोज निघाल्या निघाल्या वाकावं लागतं म्हणजे काय? माझी पाचवीतली पोरं यापेक्षा बरी गाठ मारायची."

शेवटी त्यांनी खेळाचं दुकान असलेल्या एका विद्यार्थ्याकडून उत्तम, न सुटणाऱ्या लेस मागवल्या आणि सगळ्यांसमोर तिच्या हातात ठेवल्या. सुरेखाबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. केतकीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तशा त्या कढईकडे वळल्या.

"छान आहेत, आण्णा," केतकी म्हणाली आणि पाकीट पर्समध्ये टाकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा निघाली, थांबली, वाकली. सर चिडले. "न सुटणारी लेससुद्धा हिला सुटते!"

श्रावणात सुरेखाबाईंच्या भाचीची मंगळागौर होती. हल्ली हे खेळ दुपारीच उरकतात. केतकीची सकाळ केंद्रावरच्या एका जळालेल्या पेटीने खाल्ली होती. तिथून ती धावतपळत हॉलवर पोचली ती जेवणाच्या पानावरच. पळणं राहूनच गेलं होतं. खेळ सुरू झाले तेव्हा तिला युक्ती सुचली. तिने बुटातल्या चिपा काढल्या आणि धाग्याने पैंजणांना बांधल्या.

संध्याकाळी सरांना पट्टे बांधले आणि पाच मिनिटांत त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. पाय उड्या मारत होते. मग दोन्ही टाचा जुळवून गरागरा फिरू लागले. मग बसून बेडकासारखे पुढे जाऊ लागले. पुन्हा गरागरा. सरांना घेरी आली.

"केतकी!" ते ओरडले. घरात प्रसाद घेऊन आलेली मेहुणी होती, भाची होती, तिचा नवा नवरा होता. "आज बूट कुणाच्या पायात घातले होतेस?"

"माझ्याच पायात होतं सगळं, आण्णा."

"थापा मारू नकोस. हे पळणं नव्हे. कुण्या पोराला चिपा देऊन मोकळी झालीस. नाही जमलं तर नाही म्हणून सांगायचं, ही फसवाफसवी कशाला? मला सगळं कळतं. परवा मंडईच्या कोपऱ्यावर किती वेळ गप्पा छाटत उभी होतीस, तेही कळतं."

भाचीने तोंडाला पदर लावला. "मामा, आम्ही फुगड्या घालत होतो. वहिनी सगळ्यांना पुरून उरली."

"फुगड्या? बायकांचे खेळ!" सर म्हणाले, आणि तेवढ्यात नसरीनचा फोन आला. आजच्या कुपीआधी केतकीने काय केलं होतं, असं ती विचारत होती. इतका दाट रस गेल्या कित्येक महिन्यांत निघाला नव्हता. सगळे हसले. सरसुद्धा जरा वरमून हसले.

केतकी हसली नाही. पाहुणे जाईपर्यंत तिने चहा केला, कप विसळले. मग ती सरांसमोर येऊन उभी राहिली.

"परवा मंडईच्या कोपऱ्यावर मी गप्पा मारत नव्हते, आण्णा. रडत होते. का, ते सांगणार नाही."

तिने ओले हात रुमालाला पुसले.

"दिवसभर मला कुणी ना कुणी हाक मारत असतं. केंद्रावरून मारतात, ईरा मारते, तुम्ही मारता. पळते तेवढा वेळच काय तो कुणी मारत नाही. आधी मी तुमच्यासाठीच पळत होते, खोटं कशाला बोलू? जीव जायचा माझा. पण आता एखादा दिवस उशीर झाला तर मलाच चैन पडत नाही. ते आता माझंही आहे. आणि रोज रात्री ताटावर बसून तुम्ही सगळ्यांना ते वाचून दाखवता. माझ्या कपाटातले कपडे कुणी अंगणात मांडून ठेवावेत तसं होतं मला." तिचा आवाज चढला नव्हता. "पळायचं मी थांबवणार नाही. तुम्ही बोलायचं थांबवा."

त्या रात्री सर जेवले नाहीत. त्यांना खरंच लाज वाटली. मैदानावर त्यांनी हजारो पोरांच्या चुका काढल्या होत्या, पण तिथे पोरं त्यांच्यासमोर पळत होती, त्यांना माहीत होतं की सर बघताहेत. इथे ती एकटी होती. कुणी बघत नाही म्हणून मोकळी होती. आणि आपण खुर्चीत बसून तिच्या पायात शिरलो होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नसरीनला विचारलं, पट्टे न लावता रस घेता येईल का?

"नाही मुरायचा, सर. का हो?"

"दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटतं."

"यावर अजून औषध निघालेलं नाही," ती म्हणाली. "तुम्हीच नजर वळवायला शिका."

सर शिकले. पट्टे बांधले की ते सुरेखाबाईंना पेपर मोठ्याने वाचायला सांगू लागले. जेवताना आता पावसाच्या, ईराच्या, दुधीच्या भाजीच्या गप्पा होऊ लागल्या. पायांना कळायचं ते कळतच होतं. पण सरांनी ते पायातच ठेवलं. एकदा उतारावर तिचा डावा घोटा मुरगळल्याचं त्यांना जाणवलं. ते एवढंच म्हणाले, "सुरेखा, तेल-हळद गरम करून ठेव. कुणासाठी ते विचारू नकोस." वाटी केतकीच्या खोलीच्या दाराशी ठेवली गेली आणि सकाळी रिकामी परत आली.

आणि बोलणं बंद झाल्यावर सरांना पहिल्यांदाच नीट कळू लागलं की ही मुलगी काय करते आहे. त्यांची पोरं पळाली ती पदकासाठी पळाली, नोकरीसाठी पळाली, सरांच्या धाकाने पळाली. त्यांना सकाळ राखून दिलेली होती, आयांनी हातात दूध आणून दिलेलं होतं. हिला कुणी काही राखून दिलेलं नव्हतं. दिवसाच्या सगळ्या हक्कदारांचं देऊन झाल्यावर जी उरलीसुरली फट असेल तिच्यातून ही रोज निसटायची आणि पळून यायची. ना टाळ्या, ना शिट्टी. असा खेळाडू आपल्या मैदानावर एकही झाला नाही, हे सरांनी मनाशी कबूल केलं. तिला सांगायचं मात्र धाडस झालं नाही. सांगायला जावं तर पुन्हा तेच परीक्षण व्हायचं.

दिवाळीच्या तोंडावर अरबी समुद्रातलं वादळ कोकण झोडपून घाट चढून आलं. सड्यावरच्या पवनचक्क्या बंद पडल्या, झाडं आडवी झाली, तारा तुटल्या. केतकी सकाळीच केंद्रावर गेली ती परत येऊ शकली नाही. तालुक्यातली इस्पितळं आणि पाण्याच्या टाक्या तिच्या बॅटऱ्यांवर चालत होत्या आणि कुणाची वीज चालू ठेवायची, कुणाची तोडायची, ते दर तासाला तिला ठरवायचं होतं.

पहिला दिवस रसाशिवाय गेला. दुसराही गेला. सरांच्या पोटऱ्या गार पडू लागल्या.

"उद्या सूर्य मावळायच्या आत मिळायला हवा," नसरीनने फोनवर सांगितलं. "नाही तर एवढी सगळी मेहनत वाया जाईल. मी केतकीशी बोलू?"

"नाही," सर म्हणाले. "तिला आठवणसुद्धा करून द्यायची नाही. इस्पितळात माणसं मशीनवर श्वास घेताहेत. माझे पाय त्यांच्यापेक्षा मोठे नाहीत." सुरेखाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनीही फोन केला नाही. सरांनी तिसऱ्या दिवशी दाढी केली, खुर्चीत बसले आणि आपल्या पायांकडे बघत राहिले. या पायांनी जे दिलं ते पुष्कळ होतं, असं त्यांनी स्वतःला पटवून पाहिलं. पटलं नाही. त्यांना चालायचं होतं. लहान मुलाला हवं असतं तसं हट्टाने हवं होतं.

ऊन उतरताना दार वाजलं. दारात नसरीन उभी. केस विस्कटलेले, गुडघ्यापर्यंत चिखल आणि छातीशी धरलेली थंड पेटी.

"सर, आयुष्यात पहिल्यांदा एवढी चालले," ती धापा टाकत म्हणाली. "झाडांवरून चढून आले. रक्त गाळायचं यंत्र पाठीवर घेऊन गेले होते केंद्रावर. तिनेच बोलावलं. म्हणाली, मला केंद्र सोडता येत नाही, पण मी तयार आहे, तुम्ही या."

सुरेखाबाईंनी लगबगीने पट्टे बांधले. आज सरांनी पेपर वाचायला सांगितला नाही. नजर वळवायला शिकलेला माणूस आज पुन्हा बघत होता, आणि त्यासाठी मनातल्या मनात त्याने तिची क्षमा मागितली.

थांबली. वाकली. उठली. मग थोडं सरळ आणि लगेच डावीकडे. पुन्हा थोडं सरळ, पुन्हा डावीकडे. सरांना उमगलं: ती बॅटऱ्यांच्या पेट्यांभोवती पळत होती, त्या चिंचोळ्या आवारात. चार फेऱ्या झाल्या आणि ती एकदम थांबली. कुणीतरी हाक मारली असणार. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा थांबली, वाकली, उठली, पळाली. पुन्हा हाक. असं दिवसभर चाललं होतं. तुकड्या-तुकड्यांनी, हाकांच्या मधल्या फटींतून, झोप नसलेल्या शिशासारख्या जड पायांनी तिने ती धाव गोळा केली होती. एकदा तिचा तोल गेला आणि सरांचा गुडघा खुर्चीवर आपटला. ती पडली नाही. पळत राहिली.

सरांच्या गालांवरून पाणी वाहू लागलं.

"काय झालं हो?" सुरेखाबाई घाबरल्या.

"काही नाही. पोटरीत पेटका आला," सर म्हणाले.

वादळ सरलं. स्नायूंची दारं उघडीच राहिली. मार्गशीर्षात सर खुर्चीच्या हाताला धरून उभे राहिले, मग न धरता. पुढे घरातल्या घरात काठी टेकत फिरू लागले. चालताना त्यांना एक गंमत कळली. त्यांची चाल बदलली होती. पायरी चढताना पाऊल लांब पडत होतं आणि उतरताना टाच आधी टेकत होती. ती चूक त्यांनी सुधारली नाही.

"रविवारी मैदानापर्यंत जाऊ या का?" एकदा ते केतकीला भीत भीत म्हणाले. "तुझी पळायची वेळ मोडत नसेल तर."

रविवारी सकाळी दोघं निघाली. गल्लीभर लोक दारात आले. कुणी नमस्कार करत होतं, कुणी डोळे पुसत होतं. केतकी त्यांच्या काठीच्या बाजूला, हात न लावता, पण लावता येईल इतक्या जवळून चालत होती. गल्लीच्या तोंडाशी शाळेचं फाटक उघडं होतं. आत लाल मातीचं मैदान, त्यावर कोवळं ऊन.

सर फाटकात आले आणि थांबले. इथे कधी विचार करावा लागला नव्हता, आजही लागला नाही. काठी डाव्या हातात गेली, गुडघे वाकले, उजवा हात खाली मातीकडे गेला. माती कपाळाला लागली. गुडघे सरळ झाले.

आणि ते तसेच उभे राहिले, कारण त्यांच्या मांड्यांनी ओळख दिली होती. थांबली. वाकली. उठली. रोज संध्याकाळी, याच ठिकाणी, गल्लीच्या तोंडाशी. वादळात, त्या बॅटऱ्यांच्या आवारात, प्रत्येक तुकड्याच्या आधी. ज्या माणसाने हजारो पोरांना हे वाकणं शिकवलं त्याच्याच पायात ते वर्षभर रोज घडत होतं, आणि त्याला ते ओळखू आलं नव्हतं.

त्यांनी केतकीच्या पायांकडे पाहिलं. तिचे धावायचे बूट ते आज पहिल्यांदाच बघत होते. ती घरात यायची तेव्हा ते दाराबाहेर असायचे. राखाडी रंगाचे, इस्पितळाने दिलेले, पायात घातले की आपोआप आवळणारे बूट.

"लेस?" सरांनी विचारलं.

"या बुटांना लेसच नाहीत, आण्णा," केतकी म्हणाली. "पहिल्यापासूनच."

"मग सांगितलं का नाहीस? मी रोज बोलत होतो."

"तुम्ही एवढ्या हौसेने आणल्या होत्या." ती हसली. मग खाली बघत म्हणाली, "तुमचे विद्यार्थी घरी यायचे ना, तुम्ही आजारी पडल्यावर, तेव्हा एक जण सांगत होता. सर म्हणायचे, ज्या मातीवर पळायचं तिला आधी विचारायचं. मला काही पळता येत नव्हतं. म्हटलं, निदान विचारावं तरी नीट."

सरांनी काठीने मैदानाकडे खूण केली. केतकी पुढे आली, वाकली, मातीला हात लावला आणि पळत सुटली.

तेव्हा सरांच्या लक्षात आलं की हिचं एकेक पाऊल आपल्याला ठाऊक आहे, पण हिला पळताना आपण कधी पाहिलेलंच नाही. ते बघत राहिले. कोपरं बाहेर फेकलेली. मान एका बाजूला. उजवं पाऊल आत वळणारं. शाळेच्या निवड चाचणीत त्यांनी हिला पहिल्या फेरीतच बाहेर बसवलं असतं. हिच्यासारख्या किती जणींना बसवलं असेल, कोण जाणे.

ती फेरी पुरी करून समोरून आली. चेहरा लाल झाला होता, कपाळावर मातीचं बोट उठलेलं. न थांबताच तिने मान वळवून विचारलं, "काय सर, काही सांगायचंय?"

त्यांना तिने आजवर कधी सर म्हटलं नव्हतं.

"काही नाही गं," जगदाळे सर म्हणाले. "पळ तू."